त्याचा गेम बंद करू का?

पत्र: माझे पती सैन्यात होते. गेल्या हिवाळ्यात ड्यूटीवर असतानाच गेले. मुलगा अकरा वर्षांचा आहे. अंत्यविधीला रडला नाही, आताही बाबांचं नाव काढत नाही. रोज संध्याकाळी त्यांच्या फोनवर माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी घरं बांधायचा गेम खेळत बसतो. हे सुट्टीवर आले की दोघं मिळून खेळायचे, त्यातलं एक घर अर्धवट राहिलंय. ते तो पुरं करत नाही, कुणाला हातही लावू देत नाही. नुसत्या त्याच्याभोवती मशाली लावतो. मधूनच चुलतभावाबरोबर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. सासरे म्हणतात, शहिदाच्या पोराला हे शोभतं का? दीर म्हणतात, फोन फॉरमॅट करून टाकू, वेड सुटेल. काय करू?
– एक आई, सातारा जिल्हा

ताई,

आधी तो फोन दिरांच्या हाती लागू देऊ नका. फोनवर खेळलेलं माइनक्राफ्टचं जग सहसा त्याच फोनमध्ये साठवलेलं असतं. फॉरमॅट तर सोडाच, नुसता गेम काढून टाकला तरी ते घर जाऊ शकतं. आजच लेकाला शेजारी घेऊन त्या जगाच्या नावाजवळच्या पेन्सिलीच्या खुणेवर जा. आत खाली ‘एक्सपोर्ट’चा पर्याय असतो. ती फाइल आणखी दोन ठिकाणी ठेवून द्या. पतीच्या सिमचं रिचार्जही चालू ठेवा, नंबर बंद पडला की ओटीपीसाठी अडायला होतं.

आता मशाली. या खेळात अंधारात झोंबी आणि इतर राक्षस उगवतात, उजेड असेल तिथे उगवत नाहीत. म्हणजे तुमचा लेक रोज संध्याकाळी बाबांच्या घरावर पहारा देतोय. आणि घर पुरं का करत नाही? पुरं झालं की बाबांबरोबरचं काम संपलं, असं त्याला वाटत असेल. हा माझा अंदाज. खरं काय ते त्यालाच ठाऊक, पण समोर बसवून ‘तुला काय वाटतंय रे?’ असं विचारलंत तर ‘काही नाही’ एवढंच ऐकायला मिळेल.

त्यापेक्षा शेजारी बसा आणि म्हणा, ‘मला शिकव, एक मशाल मी लावते.’ तुम्ही ती चुकीच्या जागी लावाल, तो वैतागेल, काढून नीट लावेल. चालू द्या. दोन-चार दिवसांनी सहज विचारा, ‘हे दार कुणी बसवलं होतं?’ एवढंच. उत्तर आलं तर ऐका, नाही आलं तर पुढची मशाल लावा. मुलांच्या नजरा पडद्यावर आणि हात कामात असले की तोंडं जरा सैल सुटतात.

सासऱ्यांवर रागावू नका, त्यांचाही मुलगा गेलाय. पण त्यांना सांगा की तिरंग्यातली पेटी, सलामीच्या फैरी, चौकातले बॅनर, ‘वीरपुत्रा, रडायचं नाही’ हे सगळं त्या पोराने एका दिवसात झेललंय. घरोघरी जवान देणारी अपशिंगे मिलिटरीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे हा अभिमान खरा आहे. पण त्याच्या ओझ्याखाली पोराला बाबांसाठी साधं हळहळताही येत नाही. त्या गेममध्ये त्याला कुणी वीरपुत्र म्हणत नाही.

अमेरिकेत गेलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी १९९४ पासून टॅप्स ही संस्था काम करते. तिच्या शिबिरांत प्रत्येक मुलाला सैन्यातला एक मोठा सोबती जोडून देतात. ही गोष्ट आपल्याकडेही जमण्यासारखी आहे. तुमच्या पतीच्या युनिटमधला एखादा जवळचा मित्र सुट्टीवर आला की त्याला घरी बोलवा आणि लेकाबरोबर खेळायला बसवा. ड्यूटीवरून ऑनलाइन नको, जवानांना ॲप्सचे नियम कडक असतात. २०२० मध्ये लष्कराने त्यांना पब्जीसह ८९ ॲप्स काढायला लावली होती.

बीजीएमआयच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. गोळीबाराचा खेळ खेळला म्हणून पोरगं बिघडत नाही, पण सलामीच्या फैरी अजून कानात असतील तर तो आवाज त्याला काय करतो, ते बघा. खेळून झाल्यावर चिडतो, दचकतो, झोपत नाही असं दिसलं तर सध्या बंद ठेवा. अनोळखी लोकांशी व्हॉइस चॅट तर मुळीच नको. बाबांचं युनिट, ठिकाण यातलं काही तिथे बोलायचं नाही, हे त्याला स्पष्ट सांगा.

झोप उडाली, शाळा सुटली, जेवण तुटलं किंवा ‘मला बाबांकडे जायचंय’ असं बोलला, तर गेमची चर्चा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात टेलिमानसचा वेगळा कक्षही सुरू झाला. हा नंबर तुमच्यासाठीही आहे, कारण एवढ्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल त्या पोटातल्या गोळ्यापलीकडे अक्षर लिहिलेलं नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जा. पेन्शनच्या कागदांबरोबर तिथे विचारा, आसपास अशीच मुलं असलेल्या कुणी वीरपत्नी आहेत का. त्या पोरांना एकदा घरी खेळायला बोलवा.

वेळेचं बंधन हवंच, पण ते खेळाच्या हिशेबाने घाला. माइनक्राफ्टमधला एक दिवस वीस मिनिटांचा असतो. शाळेच्या दिवशी असे तीन दिवस पुष्कळ झाले. ते सरले की फोन चार्जिंगला, आणि चार्जर तुमच्या खोलीत.