वीस तारखेलाच पगार संपतो, मग काटकसर अजून कुठे करायची?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरात महिन्याला ४५ हजार येतात, व्यसन नाही, हॉटेल महिन्यातून एखाद्या वेळी, तरी वीस तारखेनंतर खात्यात खडखडाट. आता अजून काय कमी करू?

आधी एक, चहा बंद करू नका. मी तो उद्योग करून बसलेय. ऑफिसखालच्या टपरीवरचा चहा चार महिने सोडला, चिडचिड वाढली आणि हातात आलं ते एका लग्नाच्या आहेरात गेलं. चहाने कोणी बुडालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आम्ही डोंबिवलीत राहतो. घर सासऱ्यांचं, म्हणून भाडं नाही. तेव्हा दोघांचे मिळून ४४ हजार यायचे. मी हिशेब लिहायचे, अगदी कोथिंबिरीच्या जुडीसकट, आणि दर महिन्याला कागदावर सहा-सात हजार शिल्लक दिसायची. प्रत्यक्षात मात्र काहीच साठत नव्हतं. २०१९ च्या जूनमध्ये शाळेची फी, दप्तर-गणवेश, स्कूटरचा विमा आणि सासूबाईंचा चष्मा एकाच पंधरवड्यात आले. सगळं क्रेडिट कार्डावर गेलं. बिल आलं ४० हजारांचं, आणि त्याखाली एक गोड ओळ होती: किमान देय २,०००. आम्ही दोन हजार भरले आणि सुटलो म्हणून निवांत झालो.

पुढच्या बिलात काय झालं ते नीट बघा. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे साधारण १,४००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २५२. म्हणजे भरलेल्या २,००० मधले मुद्दलातून वजा झाले जेमतेम ३४८ रुपये. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्या महिन्यात कार्डावर घेतलेल्या तेलाच्या डब्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागलं होतं.

सुटका भिशीने केली. ऑफिसात आमची वीस जणींची भिशी होती, दर महिन्याला प्रत्येकीने दोन हजार घालायचे आणि जिचा नंबर असेल तिने सगळे उचलायचे. माझा नंबर बराच मागे होता, पण एका मैत्रिणीच्या हातापाया पडून बदलून घेतला आणि ४० हजार एकरकमी कार्डात भरले. भिशीला लोक उगाच हसतात. ज्याचा नंबर आधी लागतो त्याला ते बिनव्याजी कर्ज, आणि शेवटच्याला बिनव्याजी बचत, एवढाच त्यातला फरक. फक्त ओळखीच्या माणसांतच घाला, आणि बोली लावून चालवतात त्या भिशीपासून चार हात लांब राहा.

मग एका रविवारी मी गेल्या वर्षाच्या कॅलेंडरची पानं उलटी करून जमिनीवर पसरली. आमची आई कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायची, तीच सवय. मागच्या कोऱ्या बाजूला फक्त असे खर्च लिहिले जे दर महिन्याला येत नाहीत. पासबुक, यूपीआयचे जुने व्यवहार, आहेराच्या पाकिटांची आठवण, सगळं धुंडाळलं. निघालं ते असं: शाळा ३१,०००, दिवाळीचे कपडे-फराळ आणि कामवाल्या मावशींचा बोनस १८,०००, विम्याचा हप्ता १६,५००, गणपतीला साताऱ्याला जाणं-येणं आणि तिथली वर्गणी १४,०००, आहेर ९,०००, दवाखाना-चष्मा ८,०००, स्कूटर ६,५००, गीझर-मिक्सर-मोबाइल यांपैकी जे काही त्या वर्षी मरेल त्याचे ५,०००, मालमत्ता कर ४,०००.

बेरीज १,१२,०००. भागिले बारा, ९,३३३.

म्हणजे आमचा पगार ४४ हजार नव्हताच, ३४ हजार ६०० होता. आम्ही मात्र ४४ हजारांच्या हिशेबाने जगत होतो आणि दर दोन महिन्यांनी 'अचानक खर्च आला' म्हणून कपाळाला हात लावत होतो. दिवाळी कसली अचानक येतेय! आमच्या आजीच्या घरात पैसा सुगीला एकदाच यायचा, त्यामुळे गहू, डाळी, मसाला, पावसाळ्याचं सरपण, सगळी बेगमी वर्षाच्या हिशेबाने व्हायची. पगारदार झालो आणि आपला हिशेब तीस दिवसांवर आला.

(आजीची नक्कल करायला म्हणून मी एकदा वर्षाचा गहूही भरला. वन बीएचकेत, ५० किलो, पलंगाखाली. गणपतीपर्यंत टोके पडले. आता महिन्याचं दळण आणते, लाज वाटत नाही.)

आम्ही दोन गोष्टी केल्या. शाळेसाठी बँकेत बारा महिन्यांची आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरत जायची ठेव), महिना २,६०० रुपयांची, जूनमध्ये उघडली, म्हणजे पुढच्या फीच्या वेळी मोडायला नको, आपोआप पूर्ण होते. पोस्टाची आरडी चांगली, पण तिची मुदत पाच वर्षं, ती या कामाची नाही. उरलेल्या ८१ हजारांसाठी दुसऱ्या बँकेत वेगळं बचत खातं. त्याला यूपीआय जोडलेलं नाही, डेबिट कार्ड सासूबाईंच्या देवघरातल्या डब्यात. पगार झाला की दोन तारखेला ६,७५० आपोआप तिकडे जातात. महिनाअखेरीला उरलं तर टाकू, हे आम्ही आधी दोन वर्षं म्हणत होतो, उरत नाही.

पहिलं वर्ष जड जातं, हे आधीच सांगते. खातं रिकामं असताना दसरा-दिवाळी येऊन ठेपते. आम्ही त्या वर्षी नवे कपडे फक्त मुलांना घेतले आणि गावी एसटीने गेलो. दुसऱ्या वर्षापासून पैसे खर्चाच्या पुढे चालायला लागतात.

साडेचौतीस हजारांत महिना बसवायचा म्हणजे थोडी कात्री लागतेच. पण कुठे लावायची ते बघा. लोकलचा मासिक पास काढत असाल तर तिमाही काढा: तीन महिन्यांना २.७ महिन्यांचे पैसे पडतात, दहा टक्के सुटतात. वर्षाच्या पासालाही तोच हिशेब, १०.८ महिन्यांचे पैसे, म्हणून एवढी रक्कम एकदम अडकवायची गरज नाही. किराणा महिन्यातून एकदाच, यादी करून, वाण्याकडून. दहा मिनिटांत घरपोच देणारं ॲप मी मोबाइलवरून काढलं. दही मागवताना सोबत काय काय यायचं ते आठवलं की हसू येतं.

आणि जास्त व्याजाच्या मोहात पडू नका. सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशातले काही एका पतसंस्थेत ठेवले होते, बाराच्या वर टक्के मिळतात म्हणून. ते अजून निघालेले नाहीत. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही, आणि हे आम्हाला पैसे अडकल्यावर कळलं.

तुम्ही येत्या रविवारी एवढंच करा, मागच्या वर्षाचे असे खर्च लिहून काढा आणि बाराने भागा. दोघांनी मिळून करा, कारण माझ्या पहिल्या यादीत स्कूटरचे टायर नव्हते, ते नवऱ्याने घातले. दर मे महिन्यात आम्ही नवी यादी करतो. यंदा धाकटीच्या दातांना तार लावायचे पैसे वर गेलेत, आणि सगळ्यात खाली त्याच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय: 'पंखा?' त्यावर अजून चर्चा चालू आहे.