इंग्रजी ताटात चरबी कुठे कुठे लपते?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न: मुलगा लंडनला नोकरीला आहे. सप्टेंबरात आम्ही दोघं आणि सासूबाई त्याच्याकडे जाणार आहोत. अस्सल इंग्रजी जेवणाच्या, दोनशे वर्षं जुन्या हॉटेलात न्यायचं त्याने ठरवलंय. आम्ही मटण, चिकन, मासे खातो. गाईचं आणि डुकराचं खात नाही. सासूबाई शाकाहारी, त्यांना अंडंही चालत नाही. मेन्यू पाहिला, पण पुडिंग जेवणात आणि पुडिंग गोडातही, असा घोळ दिसला. काय मागवावं?
(वाचक, गंगापूर रोड)

उत्तर: दोनशे वर्षं म्हणताय म्हणजे बहुधा रूल्स. थॉमस रूल यांनी 1798 साली कॉव्हेंट गार्डनजवळच्या मेडन लेनमध्ये ते सुरू केलं. आधी ऑयस्टरसाठी (कालवांसाठी) नावाजलेलं, पुढे शिकारीचे पक्षी आणि 'पाय' (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) यांच्यासाठी. सिम्प्सन्स इन द स्ट्रँड 1828 चं. चांदीच्या घुमटाखाली भाजलेला मोठा तुकडा ढकलगाडीवरून टेबलापाशी आणून समोर कापून वाढणं ही त्याची ओळख. ते 2020 मध्ये बंद झालं होतं, तेव्हा मुलाला आधी सद्यस्थिती पाहायला सांगा. मासे आवडत असतील तर जर्मिन स्ट्रीटवरचं विल्टन्स आहेच. त्याची परंपरा 1742 पर्यंत मागे जाते.

आता ताटाकडे. मेन्यूतले बीफ आणि पोर्क हे शब्द टाळले की झालं, असा हिशेब करू नका. आपल्याकडे तेल-तूप जे काम करतं ते जुन्या इंग्रजी स्वयंपाकात जनावराची चरबी करते, आणि ती मेन्यूवर लिहिलेली नसते. भाजलेले बटाटे बहुतेक वेळा बदकाच्या, हंसाच्या किंवा गाईच्या चरबीतले. यॉर्कशायर पुडिंगमध्ये मैदा, अंडी आणि दूध एवढंच असलं तरी ते भाजतात ड्रिपिंगमध्ये, म्हणजे बीफ भाजताना गळलेल्या चरबीत. वाटाण्यात आणि ब्रसेल्स स्प्राउटमध्ये (लिंबाएवढ्या कोबीत) बेकनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे सर्रास सापडतात.

पुडिंगचा घोळ असा सुटतो. स्टेक अँड किडनी पुडिंग हे जेवणातलं. त्याचं आवरण दोन भाग मैदा आणि एक भाग सुएट असं मळतात. सुएट म्हणजे गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. आत मांस भरून ते तासन् तास वाफवतात. हेच सुएट गोडातही जातं: स्पॉटेड डिक (मनुका घातलेलं वाफवलेलं पुडिंग), ख्रिसमस पुडिंग, मिन्स पाय. मिन्स पायमध्ये हल्ली मांस नसतं, सुकामेवा असतो, त्यामुळे आपली माणसं बिनधास्त खातात, पण सुएट बहुधा असतंच. वनस्पती सुएटही मिळतं, मात्र जुन्या हॉटेलात ते वापरत असतील असं धरून चालू नका. ट्रायफल या केक-कस्टर्डच्या थरांच्या गोडातल्या जेलीत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेलं द्रव्य येतं. स्टिकी टॉफी पुडिंग खजूर, लोणी आणि अंड्याचं असतं, सहसा सुएटविना. ते तुम्हा दोघांना चालेल.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये 14 ठरावीक ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती देणं हॉटेलावर कायद्याने बंधनकारक आहे. त्यात अंडं, दूध, मासे, मोहरी, सेलरी हे सगळं येतं. गाईची चरबी, जिलेटिन आणि चिजमधलं रेनेट (दूध गोठवणारं, बरेचदा वासराच्या जठरातून काढलेलं द्रव्य) त्यात येत नाही. वेटरने तक्ता पाहून "काही हरकत नाही" म्हटलं तरी सुएटबद्दल तो तक्ता काहीच सांगत नाही. म्हणून "यात बीफ आहे का?" असं न विचारता "हे कोणत्या फॅटमध्ये केलंय? ग्रेव्ही आणि सूप कोणत्या स्टॉकचं आहे?" असं विचारा. स्टॉक म्हणजे हाडं-मांस किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी. तेही टेबलावर बसल्यावर नव्हे, बुकिंग करतानाच लिहून कळवा. बटाटे वेगळे भाजायचे तर स्वयंपाकघराला वेळ लागतो. ऐन गर्दीत नकारच मिळेल.

तुम्हा दोघांसाठी: पुदिन्याच्या सॉसबरोबर भाजलेलं लँब (कोवळं मेंढीचं मटण), डोव्हर सोल (चपटा समुद्री मासा), फिश पाय, किंवा सुरुवातीला जायपत्रीच्या लोण्यात मुरवलेल्या बारीक कोळंबीचं पॉटेड श्रिम्प. शेफर्ड्स पायमध्ये लँबचा खिमा असतो, कॉटेज पायमध्ये बीफचा. वरून दोन्ही बटाट्याचे आणि दिसायला सारखेच, तेव्हा गफलत करू नका.

सासूबाईंची मात्र इथे पंचाईत आहे. वेल्श रेअरबिट म्हणजे टोस्टवर चीज, पण त्यातल्या वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. कॉलीफ्लॉवर चीज चालेल, चीज शाकाहारी रेनेटचं असेल तर. गोडात समर पुडिंग, म्हणजे ब्रेड आणि रास्पबेरीसारखी बेरी फळं, हे एक जमण्यासारखं. तरी जिलेटिन नाही ना, एवढं विचारा. खरं सांगायचं तर त्यांना घेऊन दुपारच्या चहाला गेलेलं बरं. काकडीचं सँडविच, स्कोन (छोटा गोल पाव), जॅम आणि क्लॉटेड क्रीम (घट्ट साय) एवढ्यात पोट भरतं. स्कोनच्या वरच्या चकाकीसाठी अंडं फासतात, ते आधी सांगून टाळता येतं.

प्रश्न: ग्राउस नावाच्या पक्ष्याचं फार ऐकलंय. एकदा जाणार तर तोच खावा का?
(वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर: पहिल्यांदाच शिकारीचा पक्षी खाणार असाल तर नको. ग्राउसचा हंगाम 12 ऑगस्टला सुरू होतो आणि 10 डिसेंबरला संपतो. हा पक्षी पाळलेला नसतो. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या माळावर हेदर नावाच्या झुडपाचे कोंब खाऊन वाढतो. मांस गडद आणि वास उग्र; त्यात पक्षी काही दिवस टांगून ठेवला असेल तर वास आणखी चढतो. चरबी जवळजवळ नसल्याने पूर्ण शिजवला की वातड होतो, म्हणून आतून गुलाबीच वाढतात. "वेल डन" मागून पैसे वाया घालवू नका. पाठीवर बहुधा बेकनची पट्टी असते. चालत नसेल तर आधी सांगा.

पार्ट्रिज (1 सप्टेंबर ते 1 फेब्रुवारी) आणि फेझंट (1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी) हे चवीला सौम्य. कोंबडी खाणाऱ्याला झेपतात. कोणताही पक्षी घेतलात तरी सावकाश चावा. मांसात बंदुकीचा छर्रा राहिलेला असू शकतो आणि दाताचा टवका उडतो. सोबतचा पांढरा दाट पदार्थ म्हणजे ब्रेड सॉस: लवंगा टोचलेला कांदा दुधात उकळून त्यात ब्रेडचा चुरा. आपल्या जिभेला तो मिळमिळीत लागेल, पण उग्र मांसासोबत शोभतो.

प्रश्न: कपडे, बिल आणि टिप यांचं काय? सूट लागतो का?
(वाचक, इंदिरानगर)

उत्तर: सूट लागत नाही. कॉलरचा शर्ट, पँट आणि बूट पुरे. साडी, सलवार-कमीज उत्तम. हाफ पँट आणि खेळाचे कपडे नकोत. मेन्यूतल्या किमतीत व्हॅट धरलेला असतो, पण भाजी आणि बटाटे बरेचदा वेगळे मागवावे लागतात, तिथे बिल फुगतं. शेवटी साधारण 12.5 टक्के सर्व्हिस चार्ज लावतात. तो ऐच्छिक असतो. दिलात तर वर आणखी टिप ठेवायची गरज नाही. ऑक्टोबर 2024 पासून ही रक्कम कर्मचाऱ्यांना देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. पाणी मागताना "टॅप वॉटर" म्हणा, परवानाधारक हॉटेलात ते फुकट मिळतं. नुसतं "वॉटर" म्हटलं की बाटली उघडलीच. जेवण झालं की काटा-सुरी ताटात शेजारी शेजारी ठेवा. फाकवून ठेवली तर ताट उचलत नाहीत.

प्रश्न: यॉर्कशायर पुडिंग घरी ओटीजीत करून पाहते. फुगतच नाही, पुरीएवढं चपटं राहतं. बेकिंग पावडर घालू का?
(वाचक, कॉलेज रोड)

उत्तर: बेकिंग पावडर नको. हा पदार्थ फुगतो तो वाफेवर. पातळ घोल कडकडीत तेलात पडला की पाण्याची झटकन वाफ होते, अंडं आणि मैद्यातलं ग्लुटेन ती वाफ कोंडून धरतं आणि तसंच कडक होतं. तेल नुसतं गरम असेल तर वाफ व्हायच्या आधीच घोल घट्ट होतो आणि तुमची पुरी होते. बहुतेक स्वयंपाकघरांत गडबड इथेच असते.

बारा वाट्यांच्या मफिन ट्रेसाठी 140 ग्रॅम मैदा, 4 अंडी, 200 मिली दूध, चिमूटभर मीठ. म्हशीचं घट्ट दूध असेल तर 150 मिली दूध आणि 50 मिली पाणी घ्या. त्याने कडा कुरकुरीत होतात. कणीक वापरू नका, तिच्यातला कोंडा ग्लुटेनची जाळी तोडतो. मैद्यात अंडी फेटून, मग दूध थोडं थोडं घालून गुठळ्या मोडा आणि घोल अर्धा तास झाकून ठेवा. सहज ओतता येईल इतका पातळ हवा.

ओटीजी 230 अंशांवर, दोन्ही कॉइल चालू. ट्रे धातूचा हवा. सिलिकॉन तापत नाही. प्रत्येक वाटीत एक लहान चमचा रिफाइंड शेंगदाणा तेल घालून ट्रे दहा ते पंधरा मिनिटं आत ठेवा. घाण्याचं तेल लवकर जळतं आणि वास धरतं. तेलावर हलकी लाट दिसून पहिला धूर सुटू लागला की घोल जगमधून प्रत्येक वाटीत अर्ध्यापर्यंत ओता. टाकताच चर्र आवाज यायला हवा. नाही आला तर ट्रे पुरेसा तापलेला नव्हता.

ओतण्याचं काम अर्ध्या मिनिटात उरका. लहान ओटीजीचं दार उघडं राहिलं की उष्णता भसकन बाहेर जाते. ट्रे खालच्या खणात ठेवा, नाहीतर वरची कॉइल शेंडे करपवते. मग 20 ते 25 मिनिटं दाराला हात लावू नका. कडा गडद तपकिरी होईपर्यंत थांबा. फिक्या रंगावर काढलंत तर दोन मिनिटांत बसतं. बिनअंड्याचं यॉर्कशायर पुडिंग होत नाही. दही-सोडा घालून जे होतं ते खाण्याजोगं असेल, पण ते वेगळं काहीतरी.

प्रश्न: भाजलेल्या मांसासोबत हॉर्सरॅडिश (मोहरीसारखं झणझणीत मूळ) लागतं म्हणे. इथे मिळत नाही. त्याऐवजी शेवग्याचं मूळ चालतं, असं कुणी सांगितलं.
(वाचक, पंचवटी)

उत्तर: इंग्रजांच्या काळात त्यांची भारतातली स्वयंपाकघरं शेवग्याचं मूळ खरोखरच तसं वापरायची. तुम्ही वापरू नका. मुळाच्या सालीत विषारी द्रव्यं असतात. लोणच्यासाठी मोहरी फेसता तशीच फेसा. दोन मोठे चमचे मोहरीची पूड, तेवढंच थंड पाणी, दहा मिनिटं झाकून. पाणी गरम घेतलं किंवा व्हिनेगर आधी घातलं तर तिखटपणा तयार करणारं एन्झाइम निकामी होतं आणि मोहरी चढत नाही, कडू तेवढी लागते. नाकात गेली की मग मीठ, साखर आणि चमचाभर घट्ट साय घाला. लगेच वाढा, तासाभरात जोर उतरतो.