आधी गेट ठरवा, मग लॉज

तुमचा बेत असा: दादरहून चौघं, त्यात गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा. जुलैमधली शनिवारची रात्र बोरिवलीच्या नॅशनल पार्कजवळच्या एखाद्या साध्या, झाडीतल्या, रस्त्यालगतच्या लॉजवर काढायची आणि रविवारी पार्कातली कान्हेरीची बौद्ध लेणी. घोडबंदर रोडला गायमुखजवळ एक लॉज पसंत पडलंय, ‘पार्कपासून ५ किमी’ असं लिहिलेलं. घ्यावं का, आणि बिबट्याची भीती कितपत?

कान्हेरी करायची असेल तर ते नका घेऊ. ते ५ किमी नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले आहेत, मध्ये अख्खा डोंगर आहे. उद्यान साधारण १०४ चौरस किमीचं. बोरिवली एका अंगाला, ठाण्याकडचं येऊर दुसऱ्या. येऊरच्या चौकीतून शिरायचं आणि जंगलातून कान्हेरीला निघायचं, असा पर्यटकांसाठी रस्ताच नाही. ठाणे-बोरिवली बोगद्याचं काम चालू आहे त्यावरही भिस्त नको, तो टिकुजिनीवाडीकडून थेट मागाठाण्याला निघणार. म्हणजे गायमुखहून कान्हेरीला जायचं तर गायमुखचा घाट, फाउंटन हॉटेलचा चौक, काशिमीरा, दहिसर नाका आणि मग हायवेने बोरिवलीचं गेट. पावसात घाटात एक कंटेनर बंद पडला की तुमची सकाळ गेली.

झाडीही हवी आणि कान्हेरीही, तर घाटाच्या फाउंटनकडच्या बाजूला, चेणे-काजूपाड्याच्या पट्ट्यात बघा. घाट टळतो, आजूबाजूला हिरवं असतं आणि गेट साधारण १५ किमीवर येतं. रविवारी पावणेसातला गाडी काढा. दहिसरला छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, पण नाक्यापाशी गाड्या तुंबायच्या त्या तुंबतातच. सासूबाईंना एवढा प्रवास नको असेल तर सरळ बोरिवली पूर्वेला राहा. तिथे जंगलाचा फील नाही, पण सकाळी रिक्षाने दहा मिनिटांत गेटवर.

आता खोली. घोडबंदर रोडवर अवजड गाड्यांना दिवसा बऱ्याच वेळ बंदी असते, त्यामुळे ट्रक-कंटेनर रात्रीच सुटतात. दुपारी खोली बघून ‘किती शांत आहे’ म्हणणारे इथेच फसतात. लॉज सपाटीवर आहे की चढावर, हे बघा. चढावर गाड्या खालच्या गिअरमध्ये येतात आणि रात्रभर खिडकीची काच थरथरते. खोली मागच्या बाजूची मागा. मात्र मागे झाडी, म्हणून खिडकीला धड जाळी हवीच. जाळी फाटकी असेल तर डासांच्या लिक्विडच्या मशीनने काही होत नाही. गादीचा कोपरा उचलून खालून हात फिरवा. ओलसर लागली किंवा कुबट वास आला तर दुसरी खोली मागा. चादर बदलून तो वास जात नाही. गीझर चालू करून नळाला गरम पाणी येईपर्यंत थांबा. आणखी एक गोष्ट फोनवरच विचारायची: लाइट गेली तर जनरेटरवर पंखा चालतो की नुसता एक दिवा? प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार जवळ ठेवा.

बिबट्याबद्दल विचारलंत. तो या भागात आहेच, आणि तो बऱ्याचदा कुत्र्यांमागे येतो. कुत्री येतात खरकट्यावर. म्हणून लॉजच्या मागे उघड्यावर कचरा दिसला तर ते लॉज सोडा, बाकी कितीही छान असो. अंधार पडल्यावर मुलाला एकटं बाहेर सोडू नका, गाडीपर्यंत जायचं तरी टॉर्च घ्या.

शनिवारी दुपारी पोचलात तर घोडबंदरचा किल्ला करा. पोर्तुगीजांचा, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. चढ थोडका आहे आणि वरून वसईची खाडी दिसते. चेण्याच्या ओढ्यात मात्र उतरू नका. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी वाढतं. रस्त्याकडेला पाड्यांवरच्या बायका करटोली, टाकळा अशा रानभाज्या घेऊन बसतात, ते अवश्य घ्या. करटोली हिरवीगार, दाबून घट्ट लागणारी निवडा. पिवळट पडली की आतल्या बिया दाताखाली येतात.

कान्हेरी गेटपासून आत सहा-सात किमी. पार्काची बस जाते, सासूबाईंसाठी तीच घ्या. भाड्याची सायकल मुलाला आवडेल, पण शेवटचा टप्पा चढाचा आहे. लेण्यांचं तिकीट वेगळं, ते पुरातत्त्व खात्याचं. लेणी शंभरावर असली तरी १, २ आणि ३ ही प्रवेशाजवळच आहेत. तिसरं म्हणजे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, व्हरांड्यात दोन्ही बाजूंना उभे बुद्ध, जवळजवळ ७ मीटर उंच. सासूबाईंना तिथेच बसवा, काही चुकलं असं वाटायचं नाही. बाकीच्यांनी वर जावं. ४१ व्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर (एक बोधिसत्त्व) आहे, ९० व्यात अकराव्या शतकातल्या पारशी यात्रेकरूंचे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले लेख. पण जुलैत खरी गंमत पायाखाली आहे. खडकात बोटभर-वीतभर रुंद चर कोरलेत, पाऊस पडला की त्यांतून पाणी पळत पळत थेट लेण्याजवळच्या पोढीत, म्हणजे खडकात कोरलेल्या टाक्यात पडतं. मुलाला एक चर धरून पोढीपर्यंत चालायला लावा.

त्याच पावसात पायऱ्यांवर शेवाळ असतं. गुळगुळीत तळाच्या चपला नकोत, आणि उतरताना कोरलेल्या खाचेतच पाय ठेवा. खाऊ पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून. हातात पिशवी दिसली की माकडं ओढतात. पाणी माणशी दीड लिटर, वर दुकानांवर अवलंबून राहू नका.

आणि सोमवार जोडून सुट्टी टाकली असेल तर ती या दोहोंसाठी वापरता येणार नाही, पार्क आणि कान्हेरी दोन्ही सोमवारी बंद.