आठ वर्षांच्या मुलाला टाळू रुंद करायचा एक्सपांडर आत्ताच बसवावा, की सगळे पक्के दात येईपर्यंत थांबावं?

क्रॉसबाइट असेल, म्हणजे दात मिटल्यावर वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत असतील, तर आत्ताच बसवा. तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, 'पक्के दात येऊ देत, मग बघू.' ते वाचलं आणि लिहायलाच बसले, कारण आमच्या घरात या वाक्यापायी एका माणसाचं नुकसान झालंय.

ते माणूस म्हणजे माझा नवरा. लहानपणी शाळेतल्या तपासणीत वरचा जबडा अरुंद आहे असं सांगितलं होतं. सासूबाईंनी 'आपोआप होईल' म्हणून सोडून दिलं. आज चाळिशीत तो एकाच बाजूने चावतो. टाळूच्या मधला सांधा आता घट्ट झालाय, त्यामुळे नुसता एक्सपांडरचा स्क्रू फिरवून भागणार नाही. हाडात पिना रोवायच्या नाहीतर शस्त्रक्रिया करायची, असं त्याला सांगितलंय.

लेकीचं तेच निघालं. दात मिटले की खालचा जबडा डावीकडे सरकायचा, हनुवटी मध्यावर राहायचीच नाही. ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे दात-जबडा सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी, दाढांना पक्का बसणारा एक्सपांडर लावला. रोज रात्री मी तिला दिव्याखाली आडवं करायची, स्क्रूत चावी घालून पुढून मागे फिरवायची. एका वेळी पाव मिलिमीटर, बस्स. चावीला दोरा बांधलेला, हातातून सुटली तर घशात जाऊ नये म्हणून. पहिले काही दिवस तोंडात लाळ साठायची, 'स' नीट यायचा नाही, वरणभातसुद्धा टाळूत अडकायचा. सुई नसलेल्या सिरिंजने पाणी मारून ते धुवायचं.

त्यातच गणपती आले. सगळे गावच्या घरी जमलेले आणि नेमकी तेव्हाच लेकीच्या पुढच्या दोन दातांत चांगली फट पडली. सांधा उघडतोय याची ती खूण असते, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण सासूबाईंनी आरतीला आलेल्या बायकांसमोर मला सुनावलं, 'दिसण्यासाठी पोरीच्या चांगल्या दातांचं वाटोळं केलंस.' मी तिथेच सांगितलं की हे दिसण्यासाठी नाही, पोरीचा चेहरा एका बाजूला वाढू नये म्हणून आहे. पुढे काही महिन्यांत फट आपली आपण मिटली. स्क्रू फिरवणं थांबल्यावरही एक्सपांडर तसाच ठेवतात, उघडलेल्या जागेत नवं हाड भरेपर्यंत. तो लवकर काढा म्हणून हट्ट धरू नका. आज तिच्या दाढा बरोबर बसतात. सासूबाई अजूनही म्हणतात, तिचं आपोआपच झालं असतं. दाढेतला क्रॉसबाइट आपोआप सुटेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नसतो, आणि पुरावा त्यांच्याच मुलाच्या तोंडात आहे.

आता तुमच्या मुलाबद्दल. क्रॉसबाइट आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि सगळं त्यावरच आहे. नुसती दातांची गर्दी असेल तर घाई नको, दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचं मत घ्या. वरचे दात पुढे आलेत एवढंच असेल, तरी बऱ्याच मुलांना नंतर एकदाच तारा लावून तितकाच फरक पडतो. लवकर केल्याचा खरा फायदा म्हणजे पडल्या-झडल्यावर पुढचे दात तुटायचा धोका कमी होतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांचे पुढचे दात फाकलेले दिसतात, ते बहुधा सुळे आल्यावर जुळतात. तोंडाने श्वास घेत असेल, घोरत असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. एक्सपांडरने घोरणं थांबेल असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तिथून उठा. एक्सपांडर लावला तरी पुढे तारा लागू शकतात, तो खर्च धरून चाला. सरकारी दंत महाविद्यालयांत हेच काम बरंच स्वस्तात होतं, थोडं ताटकळावं लागतं.

घरच्यांना मात्र तपासणीला सोबत न्या. खालचा जबडा कसा सरकतो ते डॉक्टरांना त्यांच्यासमोर करून दाखवायला सांगा. मी सासूबाईंना नेलं नाही, कारण त्या आल्याच नसत्या.