गावाच्या इशारा गटासाठी स्वयंसेवक कसे पारखावेत?

गस्तीला हवे तेवढे घ्या, पण गावभर संकटाचा इशारा धाडायचा अधिकार चार-पाच जणांनाच द्या आणि खरी पारख त्यांचीच करा. ओळखपत्र, राहता पत्ता, दोन शेजाऱ्यांची हमी आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला घ्या. यादी बीट अंमलदारालाही (आपल्या भागाच्या पोलिसालाही) दाखवा. मग महिनाभर नुसतं गस्तीवर ठेवून बघा:

- रात्री दोनला फोन उचलतो का?
- पिऊन येतो का?
- ऐकीव मजकूर पुढे ढकलतो का?

तिसरी खोड असलेला माणूस कितीही धडाडीचा असो, नको. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराधांचा जीव घेतला. म्हणून आधी ११२ ला फोन, मग इशारा; त्यात जागा, वेळ आणि स्वतः पाहिलेलं, एवढंच. अनोळखी माणूस दिसला, हा इशारा नव्हे. मात्र दाखल्यात पोलिसांकडच्या नोंदीच दिसतात. बांधाचे वाद, भाऊबंदकी, निवडणुकीतली खुन्नस त्यात नसते, त्यामुळे हे चार-पाच जण एकाच भावकीतले किंवा पॅनलचे घेऊ नका.