आपला रिपोर्ट आपण सांगायचा

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॉलेजच्या शिबिरात सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची तपासणी झाली, रिपोर्ट एएस (वाहक) आला, आणि आई म्हणते, दादाचं लग्न होईस्तोवर तोंड उघडू नकोस. तू वाहक आहेस, आजारी नाहीस, हे तुला ठाऊक आहे. मला राग आला तो तुझ्या शेवटच्या ओळीचा: "हा माझ्या एकटीचा प्रश्न आहे ना?"

नाही. रिपोर्ट तुझा एकटीचा, रक्त नाही. हा जीन तुला आईकडून नाहीतर बाबांकडून आला, म्हणजे दादाही वाहक असण्याची शक्यता निम्मी. त्याची बायकोही एएस निघाली, तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस, म्हणजे आजारी बाळाची. विदर्भात ही दूरची गोष्ट नाही.

माझी उभी नोकरी प्रयोगशाळेत गेली. सोल्युबिलिटी ही सिकलसेलची पहिली चाचणी; तिच्या नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. गढूळपणात हरवल्या तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे एएस की एसएस ते पट्टीवर दाखवणारी चाचणी. 1989 मध्ये एका रिकाम्या दुपारी मी माझंच रक्त घेतलं. रेघा हरवल्या. पुढे पट्टीवर एएस. आईला सांगितलं. ती म्हणाली, ताईचं जमत आलंय, गप्प राहा. राहिलो.

ताईच्या मुलाची वर्षाच्या आतच हातापायाची बोटं सुजली. नमुना माझ्याच टेबलावर आला. एसएस. ताईने एवढंच विचारलं, "तुले मालूम होतं न?"

मी तेव्हा चोविशीत होतो. घरात आईचा शब्द शेवटचा. शिवाय गुप्तता पाळणं हे आमच्या कामाचं पहिलं कलम, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. अरे, पण गुप्तता पेशंटसाठी असते, आणि इथे पेशंट मीच होतो! मला कोणाची परवानगी हवी होती?

म्हणून सांगतो, आपला रिपोर्ट आपण सांगायचा. आपलाच. आईचा नाही, बाबांचा नाही. 'आईकडूनच आलं असेल' असली अटकळ तर मुळीच नको. तिची भीती समजून घे; पहिलं बोट बाईकडे जातं, मग तिचं माहेर निघतं. होणाऱ्या वहिनीला परस्पर फोन करू नकोस, ते दादाचं काम. घरच्या ग्रुपवर तर नकोच नको. दादाने तपासणी करायची की नाही, तो ठरवेल. पण प्रश्न आहे हेच त्याला माहीत नसेल, तर तो ठरवणार तरी काय?

लग्न मोडेल म्हणतेस. दोघंही एएस निघाले तरी गर्भाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या दोघांचा. 1 जुलै 2023 ला देशाची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची, 2047 पर्यंत आजार संपवायचा. लग्नाआधी जुळवायला कार्डंही निघाली. कार्ड कपाटात साड्यांखाली गेलं, तर मोहिमेने काय करावं?

आणि आई काय म्हणेल, हे आता मला विचारू नकोस. ती रडेल. माझीही रडली असती.

रविवारी दादा घरी असेल. कागद त्याच्या हातात दे, आधी भाषण नको. सोमवारी दोघं मेडिकल चौकात या, मी सोबत येतो. या तपासणीला उपाशीपोटी यावं लागत नाही, चहा पिऊनच निघा.

तुझा,
काका