हिंजवडी सोडून मसाल्यांच्या धंद्यात? जरूर या!

डोक्यावर साहेब नको म्हणून हिंजवडीतली आयटीची नोकरी सोडून मसाल्यांची पाकिटं विकायची, हा तुमचा विचार चांगला आहे, पण एक आधीच सांगतो. साहेब नसतो हे खरं, गिऱ्हाईक मात्र असतं. रविवार पेठेत माझं पॅकिंगच्या सामानाचं दुकान आहे. दुपारी एक ते चार शटर खाली ओढून मी घरी जेवतो, ही माझी चैन. आणि दिवाळीआधीचे पंधरा दिवस मी घरात फक्त झोपायला असतो.

सुरुवातीला एवढंच पाहा:

- धंद्याचं बँक खातं वेगळं काढा. मी पहिलं वर्ष गल्ल्यातूनच भाजी आणली; नफा झाला की तोटा, शेवटपर्यंत कळलं नाही.
- सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच राजीनामा द्या.
- उधारी नको. ओळखीच्यांना तर नकोच.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. निव्वळ माल विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात 40 लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. खाण्याचा माल म्हणून एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी मात्र पहिल्या पाकिटाआधी करा. कर्ज, ब्रँड, दुसरी शाखा हे नंतर बोलू. आधी गोडा मसाल्याची वीस पाकिटं विका, तीही नातेवाईक सोडून.